गप्पसाहेबांची कंपनं

नृत्य म्हणजे आत्म्याने देहाला दिलेली सुटका आहे, या निष्कर्षाला गप्पसाहेब वयाच्या चोपन्नाव्या वर्षी येऊन पोचले होते. तिथे पोचून त्यांना जेमतेम आठ दिवस झाले होते, तेवढ्यात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये फिटरने त्यांच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हटलं, "साहेब, व्हिडिओ अडकलाय."

व्हिडिओ अडकलेला नव्हता. नाचाच्या वर्गाचा तो व्हिडिओ गप्पसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि त्यांच्या लक्षात आलं की छताचा पंखा फिरतोय. मागच्या रांगेतले दातांचे डॉक्टर तोंड उघडं टाकून उड्या मारताहेत. डाव्या हाताला खुद्द गप्पसाहेबांची बायको दोनदा गरकन फिरली, तिची ओढणी शेजारणीच्या चष्म्यात अडकली, सुटली, आणि सगळ्यांत पुढे, अगदी मधोमध, चौकड्यांच्या शर्टातला एक सद्गृहस्थ फोटोसाठी उभा राहावा तसा उभा आहे. एक्केचाळिसाव्या सेकंदाला त्या गृहस्थाचा उजवा खांदा वर गेला. मग तो खाली आला. हाच तो क्षण होता. आठ दिवसांपूर्वी याच क्षणी गप्पसाहेबांच्या आत काहीतरी फडफडत वर उडालं होतं, कानशिलं तापली होती, आपण जमिनीवर नाही असं वाटलं होतं, आणि घरी येऊन त्यांनी अंघोळ करता करता तो आत्म्याचा आणि देहाचा निष्कर्ष काढला होता. सकाळी मोबाइलवर आलेला व्हिडिओ त्यांनी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाहिला नव्हता. ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी खावा तसा राखून ठेवला होता. फिटर बिचारा मदत करायच्या भावनेने म्हणाला की नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, तुमच्याच जागेवर अडकलंय, बाकीचे हलताहेत. गप्पसाहेब म्हणाले, असेल. आणि डबा बंद केला.

गप्पसाहेब हे त्यांचं नाव नव्हे हे सांगायला नकोच. ते कारखान्यात कंपनं तपासायचे. पंप, पंखे, मोटारी, जे जे म्हणून फिरतं ते ते थोडंफार थरथरतं, आणि थरथर वाढली की आधी आवाज येतो, मग बेअरिंग जातं, मग कुणाची तरी नोकरी जाते. म्हणून गप्पसाहेब रोज सकाळी एक डबीएवढं यंत्र घेऊन फेरीला निघायचे, त्याचं लोहचुंबकाचं टोक एकेका मोटारीच्या अंगाला चिकटवायचे, आकडा लिहून घ्यायचे, आणि जिथे आकडा चढलेला असेल तिथे पायाचे बोल्ट आवळायला लावायचे किंवा खाली रबराची गादी सरकवायचे. एकोणतीस वर्षांत त्यांनी किती यंत्रांना गप्प केलं याची गणती नव्हती. नव्याने आलेली पोरं म्हणायची की साहेब नुसते शेजारून गेले तरी पंप आवाज खाली करतो. हे कौतुक होतं, आणि गप्पसाहेबांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं होतं, आजपर्यंत.

त्या दुपारी ते सात नंबरच्या पंपापाशी उभे राहिले आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. ही जुनी पद्धत. यंत्र खोटं बोलेल पण स्क्रूड्रायव्हर बोलत नाही, असं ते फिटरला शिकवत आले होते. आत गुळगुळीत, एकसुरी, समाधानी गुणगुण चालली होती. एरवी हा आवाज ऐकून त्यांना झोपलेल्या बाळाजवळ उभं राहिल्यासारखं वाटायचं. आज वाटलं, हा पंप माझ्यासारखा नाचतो.

खरी बोच व्हिडिओची नव्हती; ती होती मॅडमच्या एका वाक्याची. मॅडम म्हणजे वर्ग घेणारी सत्तावीस वर्षांची मुलगी, जिला पन्नाशीचे सगळे विद्यार्थी मॅडम म्हणायचे आणि जी सगळ्यांना काका-काकू म्हणायची. मागच्या रविवारी वर्ग सुटताना ती म्हणाली होती की पुढच्या रविवारी वार्षिक कार्यक्रमाच्या जोड्या ठरवू, काकू डॉक्टरांबरोबर कशा दिसतात तेही एकदा बघून घेऊ, कारण डॉक्टरांच्या मिसेस तीन महिने बहिणीकडे गेल्यात. मग गप्पसाहेबांकडे वळून, त्याच दमात, अगदी प्रेमाने, "काका, स्टेप्स तुमच्या करेक्ट आहेत, एकही चुकत नाही. फक्त एनर्जी." ही दोन वाक्यं त्यांनी त्या वेळी वेगवेगळी ऐकली होती. व्हिडिओ पाहिल्यावर ती एकमेकांना जाऊन चिकटली, बोल्ट बसावा तशी, आणि त्यानंतर काही केल्या सुटेनात. रविवारपर्यंत एनर्जी आली नाही तर बायको दातांच्या डॉक्टरांबरोबर नाचणार. एवढं सरळ होतं.

यात एवढं काय, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. बायको अठ्ठावीस वर्षं टपाल कार्यालयात खिडकीमागे बसून शिक्के मारते. तिचा हात असा पडतो की रांगेतली माणसं नकळत त्या ठेक्यावर पाय बदलतात. नाचाच्या वर्गाची कल्पना तिचीच. मुलगी शिकायला परगावी गेली त्यानंतर घरात संध्याकाळी दोन माणसं दोन खुर्च्यांवर बसून एकमेकांना पाण्याचा पंप चालू केला का हे विचारायची, आणि एक दिवस तिने विचारलं, आपण नाचायला शिकू या का. गप्पसाहेबांना वाटलं होतं ती थट्टा करतेय. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, बरं. आता तेच तोंड तीन मिनिटं चाळीस सेकंद डॉक्टरांच्या उघड्या तोंडासमोर असणार, आणि आपण प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवणार. तिथेही, का कोण जाणे, त्यांना आपल्या टाळ्यांचा आवाज येत नसल्याचं दिसलं.

मॅडमने एनर्जीसाठी ज्या युक्त्या सांगितल्या होत्या त्या त्यांनी वहीत उतरवून घेतल्या होत्याच. आता त्या अमलात आणायच्या ठरवल्या. जमिनीला ढकला, ही पहिली. पाय उचलायचा नाही, जमीन खाली ढकलायची, म्हणजे जमीन तुम्हाला वर ढकलते. यात त्यांना शास्त्र दिसलं, म्हणून ती सोपी वाटली. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून ते जमिनीला ढकलू लागले. जमिनीने काहीच केलं नाही. अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात आलं की पायात कारखान्याचे बूट आहेत, दोन बोटं जाड रबराच्या तळव्याचे, आणि हे बूट आपण गेले चार महिने वर्गालाही घालून जातोय. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांखाली रबराच्या गाद्या घातल्या त्याने स्वतःखालीही एक घालून ठेवली होती. त्यांनी बूट काढले. अनवाणी तळव्याला फरशी गार लागली, आणि एकदम वडील समोर आले.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे, घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून. घर एका खोलीचं, फरशी लाकडी फळ्यांची, आणि टेबलावर तिळाच्या चौथाईएवढे स्क्रू. कुणी जोरात पाऊल टाकलं की टेबल हले, टेबल हललं की स्क्रू घरंगळे. म्हणून सगळं घर चवड्यांवर चालायचं. आई, आत्या, दोन्ही बहिणी, सगळ्या मांजरीसारख्या. पाहुणे दारातच थबकायचे, आजारी कोण आहे म्हणून विचारायचे. गप्पसाहेब सहा-सात वर्षांचे असताना शेजारच्यांच्या रेडिओवर काहीतरी लागलं, पाय आपोआप उचलले गेले, आणि ते खोलीच्या मध्यभागी तीन उड्या मारून मोकळे झाले. वडील ओरडले नाहीत. त्यांनी फक्त भिंग काढलं आणि रिकामी चिमटी वर धरून दाखवली. मग सगळं कुटुंब दोन तास ओणवं होऊन फळ्यांच्या फटी चाचपत होतं, आणि आत्या शोधता शोधता म्हणाली, "पोराच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे." ते पुन्हा संचारू नये याची काळजी त्यांनी त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं घेतली. स्क्रू सापडला होता की नाही हे मात्र आता आठवत नव्हतं. चहा आटून गेला होता.

दुसरी युक्ती, हात अर्ध्यात सोडायचा नाही, बोटांच्या टोकापर्यंत पूर्ण करायचा. ती त्यांनी मंगळवारी बसस्टॉपवर, कुणी बघत नाहीसं पाहून, करून पाहिली. हात खांद्यातून काढला, कोपरातून लांबवला, मनगटातून सोडला, आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचवला. बस थांबली. ती त्यांची नव्हती, पण चालकाने इतक्या तत्परतेने ब्रेक मारला होता, आणि आतली उभी माणसं इतकी पुढे झुकली होती, की न चढणं असभ्य दिसलं असतं. ते चढले, तिकीट काढलं, आणि शहराच्या भलत्या टोकाला जाऊन उतरले. परतीच्या वाटेवर मात्र, कामाला पाऊण तास उशीर झालेला असूनही, त्यांना थोडं बरं वाटत होतं. आपल्या हाताने काहीतरी एवढं मोठं थांबलं असं प्रथमच झालं होतं; म्हणजे यंत्रं थांबवली होती म्हणा, पण ती अर्ज करून.

श्वासाची युक्ती घरी फसली. जोर लावताना श्वास सोडायचा होता. त्यांनी तो सोडला, तर बायको आतून म्हणाली, कुकर झाला, गॅस बंद करा. नजरेची युक्ती कारखान्याच्या फाटकात फसली. नजर पायांवर न ठेवता लांब क्षितिजावर ठेवायची होती, ते तशी ठेवून चालत आले, तर पहारेकरीही त्यांच्या मागून क्षितिजाकडे बघत उभा राहिला आणि विचारू लागला की धूर दिसतोय का कुठे. शेवटची युक्ती त्यांना सगळ्यांत अवघड गेली, कारण ती ऐकायला सोपी होती: हालचालीच्या आधी एक क्षण पूर्ण थांबा, म्हणजे हालचाल उठून दिसते. थांबणं त्यांना येत होतं. नंतरचं येत नव्हतं.

रोज रात्री जेवताना त्यांना वाटे की बायकोला सरळ विचारावं, तुला डॉक्टरांबरोबर नाचायचंय का. वाक्य जिभेवर यायचं, आणि ते म्हणायचे, मीठ. डॉक्टरांविषयी ती एकदाच आपण होऊन बोलली, तीही हसत, की ते नाचताना मध्येच "अजून थोडं मोठं" असं पुटपुटतात, सवयीने, पेशंटला म्हणतात तसं. गप्पसाहेबही हसले. मग रात्रभर त्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर मोठे होत राहिले. मत्सराने माणूस वाढतो. ज्याला होतो तो नव्हे, ज्याचा होतो तो.

शुक्रवारी त्यांनी ते केलं जे एकोणतीस वर्षांत केलं नव्हतं. कंपनं मोजायचं यंत्र सहीशिवाय घरी आणलं. बायको संध्याकाळच्या पाळीला होती. त्यांनी पडदे ओढले, बूट काढले, मोबाइलवर गाणं लावलं, यंत्राचा चुंबक पट्ट्याच्या लोखंडी बकलावर चिकटवला आणि वर्गातला पूर्ण नाच नाचले. जमीन ढकलली, बोटं पूर्ण केली, श्वास सोडला, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये क्षितिज कल्पून त्याकडे पाहिलं. घामाने बनियन पाठीला चिकटलं. मग त्यांनी आकडा पाहिला. एक पूर्णांक नऊ. त्यांच्याकडे असलेल्या तक्त्यानुसार सात पूर्णांक एकच्या वर गेलेलं यंत्र ताबडतोब बंद करायचं असतं. दोन पूर्णांक आठपर्यंत प्रकृती ठीक, चिंता नसावी. आणि एक पूर्णांक नऊ म्हणजे जवळजवळ नवंकोरं, कालच पायावर बसवलेलं. क्षणभर, केवळ सवयीने, त्यांना अभिमान वाटला. मग ते खुर्चीत बसले, आणि गाणं संपून दुसरं लागलं तरी उठले नाहीत. खाली कुणीतरी गाडी पुसत होतं. पडद्याच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा त्यांच्या पावलावर पडला होता आणि ते पाऊल त्यांना दुसऱ्याच कुणाचं, शहाण्या माणसाचं वाटलं.

शनिवारी अर्धा दिवस. यंत्र कपाटात परत ठेवताना फिटरने पाहिलं, आणि अठरा वर्षांच्या सोबतीनंतर त्याच्यापासून काय लपवायचं म्हणून गप्पसाहेबांनी सगळं सांगून टाकलं. नाच, बकल, आकडा, फक्त डॉक्टर वगळून. फिटर हसला नाही. त्याने हातातला चिंध्यांचा बोळा खाली ठेवला, यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचली, आणि साहेबांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी पंपाला ताप मोजायची काचेची नळी लावली होती. "साहेब, हे सेकंदाला दहापेक्षा कमी वेळा हलणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. तुम्हीच शिकवलंत मला. माणूस नाचतो सेकंदाला दोनदा. फार पेटला तर तीनदा."

गप्पसाहेबांना खालची जमीन किंचित सरकल्यासारखी वाटली. हे त्यांना माहीत होतं. हे ते दर वर्षी नव्या पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगायचे, आणि जो विसरेल त्याला फळा पुसायला लावायचे. काल संध्याकाळी त्यांचा अख्खा नाच या यंत्राला दिसलाच नव्हता. मग ते एक पूर्णांक नऊ कशाचं, त्यांनी विचारलं. फिटरने खांदे उडवले. म्हणाला, सेकंदाला दहाच्या वर माणसाचं काय हलतं, पापणी नाही, नाडी नाही. मग म्हणाला, "थरथर असेल. माझा जावई इंटरव्ह्यूला गेला होता तेव्हा त्याच्या हातातला कागद वाजत होता."

घरी जाताना ते चालत गेले. थरथर. जड यंत्र जागच्या जागी धरून ठेवायला काय लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नुसती गादी पुरत नाही. बोल्ट लागतात, आणि ते बोल्ट अष्टौप्रहर ताणलेले असतात. बाहेरून काही हलताना दिसत नाही, पण सगळा जोर तिथेच खर्च होत असतो. म्हणजे एनर्जी होती. डॉक्टरांपेक्षा जास्तच असावी, कारण डॉक्टर ती नुसती उधळत होते, आणि आपण चोपन्न वर्षांच्या धडधाकट माणसाला सेकंदागणिक पकडून उभे होतो. कुणाच्या तरी चिमटीतला स्क्रू सुटेल म्हणून. गप्पसाहेब रस्त्याच्या मध्येच थांबले, पूर्ण थांबले, आणि मागून येणारी बाई पिशवीसकट त्यांच्यावर आदळली. माफी मागताना त्यांना हसू येत होतं, ते तिला आवडलं नाही.

रविवारी वर्गात ते अनवाणी गेले. मॅडमने गाणं लावलं. पहिल्या ओळीला त्यांनी काहीच केलं नाही. कुठली युक्ती आधी, हे आठवायचा प्रयत्न चालू होता आणि वही घरी होती. मग त्यांना जाणवलं की दातावर दात घट्ट आवळलेले आहेत. ते सोडले. दात सुटले तसे खांदे सुटले, खांद्यांमागून कमरेतलं काहीतरी, मग गुडघे, एकेक करून, कुणीतरी खालून पाना फिरवत असल्यासारखं. पुढचं त्यांना सलग आठवत नाही. फरशीवर स्वतःच्याच पावलांचा दणका ऐकून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, कोण ते. एक गिरकी चुकली. चार महिन्यांतली पहिली चूक. तिच्यात ते थेट खुर्च्यांच्या रांगेत गेले आणि परत आले, मधल्या खुर्चीला सॉरी म्हणून. बायको समोर होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी ती खिडकीपलीकडून येणाऱ्या एखाद्या विचित्र आकाराच्या पार्सलाकडे बघत असेल. आत काय आहे कळत नाही, पण वजनदार आहे. गाणं संपलं. गप्पसाहेब संपले नाहीत, ते आणखी चार ठेके पुढे गेले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरच होते ते, आणि मनापासून वाजवत होते, हे त्यांना अन्याय्य वाटलं.

मॅडम म्हणाली, काका, कमाल. मग तिने पिशवीतून खडू काढला, सगळ्यांना एकेक करून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवून रेघा मारल्या, आणि कागदावर जोड्या लिहिल्या. समोरून रांग एकसारखी दिसायला हवी, म्हणाली, गेल्या वर्षी पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. डॉक्टर चौकटीला टेकले तेव्हा गप्पसाहेबांनी त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. चांगला लहानखुरा माणूस होता. रेघ मारायला मॅडमला वाकावं लागलं. बायको त्यांच्या शेजारी पाय जुळवून उभी राहिली, तर डॉक्टरांचं डोकं तिच्या कानाखाली आलं. डॉक्टरांची जोडी एका निवृत्त ग्रंथपाल बाईंबरोबर लागली, आणि दोघंही खूश दिसली. बायकोच्या नावापुढे गप्पसाहेबांचं नाव होतं.

घराकडे चालताना गप्पसाहेबांचे गुडघे वाजत होते, दोन्ही, आळीपाळीने. ते म्हणाले की जोड्या उंचीवर लागणार होत्या हे आपल्याला माहीत नव्हतं.

"मला होतं," बायको म्हणाली. "मॅडम पहिल्या दिवशीच म्हणाली होती. तुम्ही वहीत काहीतरी लिहीत होतात."

"मग सांगायचं नाही का? आठवडाभर मी..."

"सांगणार होते. मंगळवारी, तुमच्या त्या बसच्या दिवशीच. पण मग म्हटलं राहू दे." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नाचायला लागला होतात."

गप्पसाहेबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. त्यांची उंची पाच फूट नऊ इंच होती. ती एकोणिसाव्या वर्षापासून तेवढीच होती.